पडद्यामागचं फडकं

शिकागो, ९ फेब्रुवारी १९३८

क्रोचिफिस्सा मावशी,

तू पाठवलेला स्ट्रॉबेरीचा मुरांबा सुखरूप पोचला. आईने एक चमचा चाखला, "साखर जास्त झालीय" म्हणाली, आणि उरलेली बरणी पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवली. म्हणजे आवडला. तुला पत्र लिही म्हटलं तर नेहमीचंच उत्तर, "मला लिहायचा कंटाळा."

आता बातमी. मला काम मिळालं! कोपऱ्यावरचं ते विटांचं मोठं घर, हार्कनेस हाऊस, तुला मी मागे लिहिलं होतं. शिकल्यासवरल्या, चांगल्या घरातल्या बायका तिथे आमच्या वस्तीत येऊन राहतात, शिवण शिकवतात, इंग्रजी शिकवतात, बाळांना अंघोळी घालतात. तिथल्या मुख्य मिस ब्रॅकेट आता सत्तरीच्या आहेत. त्यांनी मला संध्याकाळी बायकांचा नाट्यवर्ग घ्यायला ठेवलंय. पगार सरकारच्या रोजगार योजनेतून.

नाटक म्हटलं की तुला पाठांतर आठवेल. इथे पाठांतर नाहीच. मिस ब्रॅकेट म्हणतात, माणसं एकत्र खेळली की एकत्र राहायला शिकतात, आणि एकत्र राहायला शिकली की भांडायचं कुणाशी हेही त्यांना कळतं. म्हणून आम्ही खेळतो. एकीने आरशासमोर उभं राहायचं, दुसरीने आरसा व्हायचं. नसलेल्या टबात नसलेले कपडे धुवायचे, आणि पाणी सांडलं तर बाकीच्यांनी पाय उचलायचे. माझ्या वर्गात पोलंडची पेत्रोनेला आहे, धोबीकाम करते, दंड बघशील तर घाबरशील. ग्रीसची पारास्केवी आहे. आपल्या मायदेशच्या सहाजणी आहेत. कुणाची भाषा कुणाला येत नाही. म्हणून सगळ्यात धमाल खेळ म्हणजे अगडबगड भाषा. अर्थ नसलेले शब्द बोलायचे, पण राग खरा, लाडीगोडी खरी. गंमत म्हणजे त्या भाषेत सगळ्यांना सगळं कळतं.

सध्या आम्ही 'जिना' नावाचा प्रसंग खेळतोय. आमच्या चाळीच्या मागचा लाकडी जिना कुजलाय. पेत्रोनेला कपड्यांच्या टोपलीसकट चार पायऱ्या खाली आली. घरमालक म्हणतो, अर्ज करा. अर्ज केले. अर्जही कुजले असतील. मग पेत्रोनेला एके दिवशी वर्गात घरमालकच झाली, आणि आम्ही हसून हसून जमिनीवर.

आई मात्र तोंड फुगवून बसलीय. "चारचौघांत ओरडायचं, हे काय काम आहे?" मी घरी अगडबगड बोलायला लागले की भांडी आपटते. मावशी, आजोबा गावात कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करायचे ना? त्यांची एखादी वही, एखादं नाटक तुझ्याकडे असेल का? आईला विचारलं तर तिने चुलीत कोळसा घातला, चूल पेटलेली होती तरी.

तुझी,
पीना


हॅमंडजवळ, लुईझियाना, २१ फेब्रुवारी

पीना बाळा,

साखर जास्त झालीय म्हणे! तिला सांग, तुझ्या जिभेवर कमी पडते म्हणून बरणीत जास्त घातली.

कामाचं ऐकून मी बस्तियानोकाकांना अंगणातून हाक मारून आणलं आणि तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नसलेले कपडे धुवायचा पगार मिळतो? मग नसलेल्या स्ट्रॉबेऱ्या तोडायचाही मिळायला हवा." त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. इथे आता पहिली फळं लागलीत, त्यांची कंबर आत्तापासूनच दुखायला लागलीय.

हो, तुझे आजोबा बाहुल्यांचे खेळ करायचे. दोन दोन हात उंचीच्या बाहुल्या, पत्र्याची चिलखतं, लोखंडी दांडे. लढाई लागली की गल्लीतली कुत्री भुंकायची. पण वही? अगं, बाबांना धड वाचता कुठे येत होतं! वही नव्हती, नाटक नव्हतं. होता तो एक कानोवाच्चो. पडद्यामागे खिळ्याला टांगलेला असायचा. त्याच्याकडे एकदा बघायचे आणि दोन दोन तास बोलत सुटायचे. रोज वेगळं. तो टांगलेला नसला तर दांड्याला हात लावायचे नाहीत. एकदा मांजराने तो ओढून नेला, तर सगळं प्रेक्षागृह तिष्ठत बसलं आणि आम्ही मांजराच्या मागे.

तुझ्या आईला जास्त खोदून विचारू नकोस. तिचं तिच्यापाशी. तू ओरड पोटभर.

तुझी मावशी


शिकागो, ६ मार्च

मावशी,

तुझे किती उपकार मानू! कानोवाच्चोची युक्ती लागू पडली!

आपण घरी कानोवाच्चो म्हणतो तसलं आईचं निळ्या पट्ट्यांचं एक फडकं होतं, भांडी पुसून पुसून मऊ झालेलं. ते पळवलं आणि आमच्या पडद्यामागे खिळ्याला टांगलं. बायकांना सांगितलं, माझे आजोबा मोठे कलावंत होते, ते रोज खेळाआधी फडक्याकडे बघायचे आणि त्यांना शब्द सुचायचे. पेत्रोनेलाने ते आधी हुंगलं. मग कपाळाला लावलं. आणि मावशी, त्या दिवशी ती जी बोललीय! आता प्रत्येकजण आत जाताना फडक्याला हात पुसून जाते. पारास्केवी तर त्याच्याशी ग्रीकमध्ये कुजबुजते. आई घरभर फडकं शोधतेय. मी तोंडातून चकार शब्द काढलेला नाही.

पण एक विघ्न आलंय. योजनेच्या कचेरीतून मिस्टर टटल नावाचे गृहस्थ आले होते. कॉलर इतकी कडक की मान वळवायची तर सगळे वळतात. 'जिना' चौदा मेला सगळ्या वस्तीसमोर करायचा, सभागृह ठरलंय, हस्तपत्रकं वाटून झालीत. ते म्हणाले, छान, आता संहिता द्या. टाईप केलेली, तीन प्रती, एक एप्रिलच्या आत. कचेरीने वाचून शिक्का मारल्याशिवाय सरकारी योजनेतलं कुठलंही नाटक होत नाही. मी म्हटलं, संहिता नाही. ते म्हणाले, मग नाटक नाही. मी म्हटलं, नाटक आहे, बघा ना, बसा. ते बसले, बघितलं, दोनदा हसलेसुद्धा. मग चष्मा पुसून म्हणाले, "उत्तम. याची संहिता द्या."

दिली नाही तर वर्ग बंद. माझं काम जाईल ते जाईल, पण मावशी, पेत्रोनेला बारा वर्षं या गल्लीत राहतेय आणि तिचं कुणी ऐकून घेतलेलं हे पहिलंच. तिला मी काय सांगू?

आणि हो, परवा मी घरी चुलीपाशी घरमालकाच्या आवाजाचा सराव करत होते. आई पाठमोरी मसूर निवडत होती. न वळता म्हणाली, "राग गळ्यातून काढू नये. पोटातून काढावा, नाहीतर घसा बसतो." मी विचारलं, तुला काय माहीत? तर म्हणे, मसुरात खडे फार आहेत.

तुझी घाबरलेली,
पीना


हॅमंडजवळ, २० मार्च

अगं वेडे! अगं माझ्या शिकागोच्या मुली!

काल संत जोसेफचा सण. ओटा पावांनी आणि करंज्यांनी भरलेला, घरात चाळीस माणसं. तेवढ्यात तुझं पत्र आलं आणि मी ते मोठ्याने वाचलं. 'पेत्रोनेलाने ते हुंगलं' इथपर्यंत आले आणि पुढे वाचवेना. बस्तियानोकाकांना ठसका लागला, पाठीत धपाटे घालावे लागले. इथली चाळीस माणसं आता तुला फडकेवाली म्हणून ओळखतात.

कानोवाच्चो म्हणजे फडकं, खरंय. आपली भाषा तू स्वयंपाकघरात शिकलीस, तुझा काय दोष! पण बाहुल्यांच्या धंद्यात कानोवाच्चो म्हणजे कागद. लांबलचक कागद, त्यावर दहा-बारा ओळी. कोण येतो, त्याला काय हवंय, कोण आडवं येतं, शेवटी काय होतं. बस्स. बोलायचं काय ते ज्याने त्याने उभं राहून ठरवायचं. बाबांना वाचता येत नसे म्हणून खेळाआधी आम्हा दोघी बहिणींपैकी एक ते वाचून दाखवायची. आम्हा दोघींना अक्षरं त्याच कागदावर आली. लिहायचं काम माझं, कारण माझं अक्षर बरं.

तेव्हा तुझ्या त्या कडक कॉलरवाल्याला दहा ओळी लिहून दे. चारशे वर्षं आपल्याकडची माणसं दहा ओळींवर नाटकं करत आली, त्याच्या कचेरीला काय सोनं लागलंय?

बायकांचे आवाज कोण काढायचं, हेही तू कधीतरी विचारशील, म्हणून आधीच सांगते. घरातलीच एक होती. पडद्यामागे उभी राहायची, कुणाला दिसायची नाही. राजकन्या, चेटकीण, वेळ पडली तर सुलतानही. लोक म्हणायचे, बाहुली रडली. कोण होती ते विचारू नकोस, मला शपथ घातलेली आहे.

फडकं काढू नकोस हं. लागू पडलंय तर राहू दे.

मावशी


शिकागो, ६ एप्रिल

मावशी,

मी वर्गात खरं सांगितलं. मग पेत्रोनेला म्हणाली, "कागद भांडी पुसत नाही. फडकं राहील." विषय संपला.

आणि ती घरातली एक तूच ना? मला कळलं गं. शपथ मोडू नकोस, मी ओळखलं एवढंच सांगते.

दहा ओळी लिहून मी स्वतः कचेरीत गेले. मिस्टर टटलनी वाचल्या, उलटून मागची बाजू पाहिली, आणि म्हणाले, "मिस, ही जेवणाची यादी झाली. मला जेवण हवंय."

मग मिस ब्रॅकेटनी डोकं चालवलं. त्या आयुष्यात खोटं बोललेल्या नाहीत, पण म्हणाल्या, "आधी लिहून मग करायचं असा कुठे नियम आहे? आधी करू, मग लिहू." टायपिंगच्या वर्गातल्या दोन मुलींना कोपऱ्यात बसवलं. आम्ही 'जिना' मोडक्यातोडक्या इंग्रजीत खेळलो, त्यांनी शब्द न् शब्द उतरवून घेतला. एक्केचाळीस पानं! खोकला आला तिथे 'खोकला' लिहिलंय. पान सतरावर 'पारास्केवी, पाय काढ, माझ्या झग्यावर आहेस' असं एक वाक्य आहे. कचेरीने सगळं वाचून शिक्का मारला. आम्ही नाचलो.

आणि मग त्यांचं पत्र आलं. प्रयोग संहितेबरहुकूम, शब्दाला शब्द. मिस्टर टटल स्वतः पहिल्या रांगेत प्रत घेऊन बसणार.

आता आम्हाला आमचंच बोलणं पाठ करावं लागतंय, आणि ते होत नाहीये. पेत्रोनेला, जी त्या दिवशी गडगडली होती, ती आता 'माझी—टोपली—कुठे—आहे' असं चर्चमध्ये वाचल्यासारखं म्हणते. मधेच थांबून विचारते, "मी खरंच असं म्हटलं होतं? मूर्खासारखं वाटतं." तिला इंग्रजी वाचता येत नाही, तिची मुलगी वाचून दाखवते. काल ती टोपली ठेवून निघून गेली. नसलेली टोपली, पण इतकी जोरात आपटली की सगळ्या दचकल्या.

त्यातच आई मला न्यायला हाऊसवर आली आणि तिला पडद्यामागे तिचं फडकं दिसलं. मी गमतीने म्हटलं, हा आजोबांचा कानोवाच्चो आहे. ती पांढरीफटक पडली. फडक्याला हातही न लावता घरी गेली. आज चार दिवस माझ्याशी बोललेली नाही. ताट समोर आदळते, बस्स.

मावशी, तू ये. तू पडद्यामागून दोन वाक्यं बोललीस तरी या बायकांना कळेल ते कसं असतं. मला जमत नाहीये. मला वाटलं होतं मला येतं, पण मला येत नाही.

पीना


हॅमंडजवळ, १९ एप्रिल

पीना,

रडू नकोस. ईस्टरचा पाव पाठवलाय, अंडी फुटली असतील तर पावाला दोष देऊ नकोस, पोस्टाला दे.

मी येऊ शकत नाही. शेतात फळ लाल झालंय आणि ते माझ्यासाठी थांबणार नाही. आणि आले असते तरी उपयोग नव्हता. तो आवाज माझा नव्हता. मी काढला असता तर राजकन्या कोंबडीसारखी वाटली असती. आता यापुढे मला विचारू नकोस आणि डोकं असेल तर स्वतःलाही विचारू नकोस.

एक सांगते. बाबांच्या शेवटच्या हिवाळ्यात, आम्ही सगळे इकडे यायच्या आधी, त्यांच्या खेळातली राजकन्या मुकी होती. नुसती येऊन उभी राहायची. बाबा काही क्षण गप्प बसायचे, मग खेळ पुढे न्यायचे. लोक विचारायचे, राजकन्येला काय झालं? बाबा म्हणायचे, "तिचा घसा बसलाय." लोक हसायचे. मी हसायची नाही, कारण कागद मी लिहिला होता.

आता मी सांगते तसं कर. सोबत एक पाकीट आहे. ते तू उघडायचं नाही. आईच्या हातात द्यायचं आणि तिथून निघून जायचं. तिला खेळाला ये म्हण, एकदाच, गयावया न करता. पुढे बसवू नकोस. मागे, दाराजवळ बसव, म्हणजे तिला वाटेल की केव्हाही उठून जाता येईल. ती लहानपणापासून अशीच आहे. दार उघडं दिसलं की थांबते.

आणि तुझ्या बायकांना सांग, पाठांतर विसरलं तर घाबरू नका. विसरल्यावरच सुरू होतं.

मावशी


शिकागो, २ मे

मावशी,

घाईत लिहितेय. पाकीट दिलं. आईने तुझं अक्षर पाहिलं, ॲप्रनच्या खिशात घातलं आणि मसूर शिजवायला लागली. रोज तेच ॲप्रन घालते. पाकिटाची कडा अजून चिकटलेली दिसतेय.

खेळाला ये म्हटलं. म्हणाली, "मला गर्दी सोसत नाही." निदान बोलली तरी!

पीना


शिकागो, १५ मे

मावशी, मावशी, मावशी!

नीट सांगते, पहिल्यापासून, नाहीतर तू ओरडशील.

काल सभागृह खच्चून भरलं होतं. दोनशे माणसं तर नक्की, खिडक्यांत पोरं. मिस ब्रॅकेटनी आमच्या घरमालकाच्या मुनिमालाही आमंत्रण दिलं होतं, भाडं गोळा करतो तो. तो आला होता, फुकट करमणूक म्हणून. पहिल्या रांगेत मिस्टर टटल, मांडीवर एक्केचाळीस पानं, ओळीवर बोट. दाराजवळच्या खुर्चीत आई! काळा कोट, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पडदा सरकला. पहिली दोन पानं कशीबशी गेली. मिस्टर टटल प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, कोंबडा दाणे टिपतो तशी. तिसऱ्या पानावर पेत्रोनेला टोपली घेऊन जिन्यावर आली, तोंड उघडलं आणि गप्प. सगळं विसरली. तिच्या मानेवर घाम दिसत होता मला. मी पडद्यामागे फडकं घट्ट धरून उभी. तेवढ्यात मिस्टर टटल, बिचारे, मदत म्हणून मोठ्याने म्हणाले, "पान तीन, ओळ चौथी." लोक हसले. पेत्रोनेलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

कुणीच काही बोलेना. मी मनात म्हटलं, संपलं.

आणि मागून, दाराजवळून आवाज आला. मावशी, पुरुषाचा आवाज! खर्ज, पोटातून आलेला, खुर्च्या थरथरल्या असं वाटलं. अगडबगड भाषेत! एकाही शब्दाला अर्थ नव्हता, पण सगळ्या सभागृहाला कळलं की घरमालक आलाय, त्याचं जेवण झालेलं आहे, आणि त्याच्या जिन्यावर उभं राहायची हिंमत कुणी केली म्हणून तो विचारतोय. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं, आणि ती आई होती. माझी आई! उभी. हात पाठीमागे, पोट पुढे. हीच आई, जी कसायाशी सुद्धा हळू बोलते!

पेत्रोनेलाने वळून पाहिलं आणि तिच्यात वारं भरलं. टोपली कमरेवर घेतली आणि पोलिशमध्ये जे सुरू झाली! आईने अगडबगड भाषेत दम दिला, पेत्रोनेलाने तो परत तिच्या तोंडावर मारला. आई बोलत बोलत मधल्या वाटेने पुढे आली. पारास्केवी धावत आली, आणि आमच्या सहाहीजणी. लोक उभे राहिले. एक म्हातारा ओरडला, "आमच्याकडच्या नळाचंही विचारा!" आईने त्याच्याकडे वळून त्यालाही झापलं.

मिस्टर टटल पानं उलटत होते. पुढे, मागे, पुन्हा पुढे. शेजाऱ्याला विचारत होते, "हे कुठल्या पानावर आहे?" तेवढ्यात आई त्यांच्यासमोर थांबली, बोट रोखलं आणि अस्सा हुकूम सोडला की ते उठून उभेच राहिले! घरमालकाने कारकुनाला बोलावलं होतं, आणि सभागृहात तेवढा एकच कारकून होता. पेत्रोनेलाने क्षणही दवडला नाही. आपली नसलेली टोपली उचलली आणि त्यांच्या हातात दिली, "धरा!"

आणि मावशी, त्यांनी धरली. दोन्ही हातांनी, गुडघे जरा वाकवून. एक्केचाळीस पानं मांडीवरून घसरून जमिनीवर पसरली आणि त्यांनी ती उचलली नाहीत, कारण हात भरलेले होते! मग आईने त्यांना जिना चढायला लावला. एक पायरी, दुसरी, तिसरीवर ते थबकले, पायाने चाचपून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो, ही पायरी कुजलेली आहे!"

छप्पर उडायचंच बाकी होतं. दोनशे माणसांनी एकदम माना वळवून त्या मुनिमाकडे पाहिलं. तो टोपी शोधत होता. ती त्याच्या डोक्यावरच होती.

टाळ्या थांबल्यावर मिस्टर टटल अजून तसेच उभे. हळूच मला विचारलं, "मिस, ही कुठे ठेवू?"

आज सकाळी त्यांनी येऊन अहवालाची प्रत दाखवली. 'प्रयोग मंजूर संहितेनुसार झाला. पान तीननंतर किंचित फरक. वर्ग चालू ठेवावा.' जाताना विचारत होते, दर गुरुवारी असतो ना वर्ग? बाहेरच्यांना येता येतं का?

आईला मी काही विचारलं नाही. घरी आल्यावर कोट काढला, ॲप्रन बांधलं, म्हणाली, "घसा शेकायला दूध तापव." मी रडत होते, ती म्हणाली, "उतू जातंय."

तर ती तू नव्हतीस. मी किती मूर्ख गं!

पीना


शिकागो, २९ मे

क्रोचिफिस्सा,

पंचवीस वर्षांनी लिहितेय. अक्षराला हसू नकोस. मुरांब्यात साखर जास्तच होती.

पाकीट मी पंधरा-वीस दिवस उघडलं नाही. तुला वाटत असेल हट्ट. हट्ट नव्हता, भीती होती. माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंना कुणीतरी सांगितलं की पडद्यामागून बोलते ती ही मुलगी. त्यांनी अट घातली, मी मान डोलावली, आणि बाबांना जाऊन सांगितलं की आता मी बोलणार नाही. मग ऐकलं की त्यांनी राजकन्या मुकी केली आणि लोक हसले. मला वाटलं, चारचौघांत माझा सूड घेतला. तू माझ्या गप्प बसण्याची थट्टा कागदावर लिहिलीस, असंही वाटलं. त्या रागात बोटीवर चढले. बाबा धक्क्यावर उभे होते, मी वळून पाहिलं नाही. त्यानंतर ते भेटलेच नाहीत.

चौदा तारखेला दुपारी पाकीट उघडलं. बाबांचा कागद. कडा मांजराने चावलेल्या. सहाव्या ओळीला तुझ्या अक्षरात माझं नाव घालून लिहिलंय, 'राजकन्या येते. इथे न्युन्झिया बोलेल. ती येईपर्यंत थांबा.'

क्रोचिफिस्सा, ते मला गप्प करत नव्हते गं. ते थांबले होते. रोज, सगळ्या गावासमोर, माझ्यासाठी थांबायचे. आणि त्या खेळांचं नाव काढायचं नाही, या मी घातलेल्या एका शपथेपायी तू हे पंचवीस वर्षं पोटात ठेवलंस. तुला शिव्या द्याव्या की मिठी मारावी ते कळत नाही. समोर आलीस की दोन्ही करीन.

संध्याकाळी मी दाराजवळच बसले होते. उठून जायचंच ठरवलं होतं. पण ती धोबीण गप्प झाली आणि सगळे थांबले. एवढी माणसं, कुणी काही बोलेना. मला वाटलं, आता माझ्यासाठी थांबलेत. मग काय करणार? बोलले.

जिन्याला नव्या फळ्या लागल्यात. फक्त दुसऱ्या मजल्यापर्यंत. तिसऱ्या मजल्यासाठी पुढचा खेळ आहे. पीना म्हणते, आई, या वेळी तू राजकन्या हो. मी म्हटलं, मला घरमालकच राहू दे, त्याला कुणी गप्प बस म्हणत नाही.

बाबांचा कागद मी पडद्यामागे टांगलाय, माझ्या फडक्याशेजारी, त्याच खिळ्याला. फडकं धुऊन टांगलं. त्या बायकांनी त्याची काय अवस्था केली होती, बघवत नव्हती.

स्ट्रॉबेऱ्या संपल्या की बस्तियानोंना घेऊन ये. मी खेळात असले की कागद वाचून दाखवायला कुणी नाही इथे. पीना वाचते, पण तिला निम्मे शब्द कळत नाहीत. आठव्या ओळीला चेटकीण आहे, ती तू कर. कोंबडीसारखी वाटलीस तरी चालेल.

तू येईपर्यंत आम्ही थांबतो.

न्युन्झिया